तक्रार पत्र: १८६० आर्मी रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतीतील आखूड आर्बर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरमधील उत्पादनदोष दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

कोल्टच्या १८६० सालच्या आर्मी रिव्हॉल्व्हरची .४४ कॅलिबरची, कॅप-अँड-बॉल (सुटी दारू, शिशाची गोळी आणि ठिणगीची टोपी वापरणारी) पद्धतीची इटालियन बनावटीची प्रतिकृती मी आपल्याकडून नवी विकत घेतली. ती सदोष आहे, हे मी मोजमापांसह आपणास कळवले होते. त्यावर आपल्या विभागाने पाठवलेले उत्तर मला मान्य नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आपले म्हणणे असे की सिलिंडर (दारू-गोळी भरायचा फिरता भाग) अडकतो तो काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, काजळीमुळे, ही काजळी माझ्या साफसफाईतील हयगयीमुळे साचली, आणि आपल्या कंपनीचे तेल सोडून घरी बनवलेले वंगण वापरल्यामुळे माझी वॉरंटी रद्द झाली आहे. यांपैकी एकही गोष्ट वस्तुस्थितीला धरून नाही.

दोष नेमका कुठे आहे, ते पुन्हा सविस्तर मांडतो. या रचनेच्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते. फ्रेममध्ये पक्का बसवलेला आर्बर (सिलिंडर ज्याभोवती फिरतो तो दांडा) सिलिंडरच्या मधून पुढे येतो, नळीखालच्या भोकात शिरतो, आणि दोहोंतून आरपार जाणाऱ्या आडव्या पाचरेने नळी जागेवर जखडली जाते. कोल्टच्या मूळ हत्यारांत आर्बरचे टोक त्या भोकाच्या तळाला टेकत असे, त्यामुळे पाचर कितीही ठोकली तरी नळी ठरलेल्या जागेपेक्षा तसूभरही मागे सरकत नसे. आपण मला दिलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आर्बर भोकाच्या खोलीपेक्षा जवळपास इंचाचा आठवा भाग आखूड आहे. साहजिकच नळीला मागे थांबवणारे वरच्या बाजूला काहीच उरत नाही. ती फक्त खाली, फ्रेमच्या दोन पिनांपाशी टेकते आणि पाचरेच्या ओढीने तिथून वर कलते.

माझी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मापे घेण्यात गेली आहे, तेव्हा पुढचे आकडे अंदाजाने दिलेले नाहीत. पाचर केवळ अंगठ्याने दाबली असता सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.००६ इंच भरते. नायलॉनच्या हातोडीने तिला एक हलका ठोका दिला की सिलिंडर नळीला घासून जागच्या जागी अडकतो आणि घोडा पूर्ण मागे ओढता येत नाही. पाचर जराशी सैल केली तर फट ०.०१५ इंचांपर्यंत वाढते. ही फट वर आणि खाली सारखीही नाही, वरच्या बाजूला ती अरुंद आहे. ही सारी मापे मी रिव्हॉल्व्हर पूर्ण धुऊन, कोरडे करून, दारूचा कणही नसताना घेतली आहेत. मग काजळीचा प्रश्न येतोच कुठे?

आपल्या तंत्रज्ञांना गेजचीही गरज पडणार नाही. सिलिंडर काढून ठेवावा, नळी आडवी फिरवून आर्बरवर शेवटपर्यंत सरकवावी आणि नळीखालच्या भागाची कड फ्रेमच्या कडेशी जुळते का, एवढेच पाहावे. आर्बरची लांबी योग्य असेल तर दोन्ही कडा समोरासमोर येऊन थांबतात. माझ्याकडील नळी फ्रेमच्या कडेला ओलांडून मागे जाते. या स्थितीतील छायाचित्र सोबत जोडले आहे, त्यात हे फ्रेमवर गेलेले अंतर नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आपल्या उत्तरात गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथील चाचणी केंद्राच्या ठशाचाही आधार घेतला आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरवर ‘पी एन’ हा काळ्या दारूच्या चाचणीचा ठसा आहे, आणि धातूच्या मजबुतीबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु हत्यार दाब सहन करते, एवढीच ग्वाही तो ठसा देतो. पाचर आणि आर्बर यांची बैठक बरोबर आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हा दोष किरकोळ का मानता येत नाही, हे कॅप-अँड-बॉल नेमबाजाला वेगळे सांगावे लागू नये. काळी दारू जळल्यावर मागे राहणारे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला रातोरात गंज चढतो. म्हणून नेमबाजी झाली की त्याच दिवशी पाचर काढून, नळी आणि सिलिंडर वेगळे करून, निपल (ठिणगीची टोपी ज्यावर बसते ती छोटी नळी) पान्याने सोडवून सगळे गरम पाण्याने आणि साबणाने धुवावे लागते. म्हणजे पाचर दर वेळी निघणार आणि दर वेळी पुन्हा बसणार. ती केसभर आत गेली की नळीचा कल बदलतो, आणि घोड्यावरच्या खाचेतून धरलेला नेम आधीच्या वेळेशी जुळत नाही. पंचवीस यार्डांवर गोळ्या नेमाच्या वर लागतात याबद्दल मी बोलत नाही, ते मूळ हत्याराचेच वैशिष्ट्य आहे. माझ्या गोळ्यांचा पुंजका मात्र पाचरेनुसार जागा बदलतो, आणि फट मोठी ठेवून झाडावे तर प्रत्येक बाराला नळी, आर्बर आणि पाचर एकमेकांवर आदळून पाचरेची खाच लांबट होत जाणार, हे उघड आहे.

दारू भरण्यातही माझ्याकडून काही वावगे झालेले नाही. प्रत्येक चेंबरमध्ये मापाने तीन एफ जाडीची (बारीक दाण्याची) पंचवीस ग्रेन काळी दारू, गोळी चेंबरच्या तोंडाजवळ बसावी म्हणून तिच्यावर थोडा रवा, मग मऊ शुद्ध शिशाची .४५४ ची गोळी, आणि वरून मधमाशांचे मेण व चरबी यांचे वंगण, असा माझा क्रम आहे. गोळी दाबताना तिच्या कडेचे शिसे अखंड कड्यासारखे तासून निघते. याचा अर्थ आपले चेंबर उत्तम कापलेले आहेत, आणि त्याबद्दल मी आपल्या उत्पादकाची मनापासून तारीफ करतो.

वंगणावरून वॉरंटी नाकारण्याबद्दल मात्र माझा सक्त आक्षेप आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार अमुकच ब्रँडचा माल वापरला पाहिजे अशी अट, तो माल ग्राहकाला मोफत दिल्याशिवाय किंवा फेडरल ट्रेड कमिशनची सूट मिळवल्याशिवाय, वॉरंटीला जोडता येत नाही. शिवाय ज्या वंगणाला आपण दोष देता, तेच या हत्याराला मानवते. खनिज तेल आणि काळ्या दारूची काजळी एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बनतो, आणि आपल्या माहितीपुस्तिकेत सिलिंडरला तेच तेल लावायला सांगितले आहे. त्याच पुस्तिकेतील चित्रात पाचर हातोडीने पूर्ण आत ठोकलेली दाखवली आहे. आखूड आर्बरच्या रिव्हॉल्व्हरला तो सल्ला सरळसरळ घातक आहे.

निपलचीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्यांवर अकरा नंबरची टोपी सैल बसते आणि दहा नंबरची पूर्ण आत जात नाही, त्यामुळे घोड्याचा पहिला आघात टोपी आत बसवण्यातच खर्च होतो व बार दुसऱ्या आघाताला उडतो. निपल बदलून घेता येतात, म्हणून हा मुद्दा मी ताणत नाही.

आर्बरच्या टोकाला किंवा भोकाच्या तळाशी योग्य जाडीची पोलादी चकती बसवून हा दोष मी स्वतःच्या लेथवर काढू शकलो असतो. पण नव्या मालातील मूलभूत चूक ग्राहकाने आपल्या हाताने सुधारावी आणि त्यानंतर ‘हत्यारात फेरफार केला’ या कारणावरून पुन्हा वॉरंटी गमवावी, हे मला मान्य नाही. या प्रतिकृतीच्या सिलिंडरवर १६ मे १८४३ च्या टेक्सासच्या नौदलाच्या लढाईचे चित्र मूळ हत्याराप्रमाणे निगुतीने उतरवले आहे. शोभेच्या कामात जी काळजी घेतली, ती नळी जिच्यावर टिकून असते त्या जोडणीत घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तरी माझी मागणी अशी आहे. रिव्हॉल्व्हर आपल्या खर्चाने परत मागवून आर्बरचे टोक भोकाच्या तळाला टेकेल अशी दुरुस्ती करून द्यावी, किंवा वर सांगितलेली तपासणी करून योग्य ठरलेले दुसरे रिव्हॉल्व्हर द्यावे; दोन्ही शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. वॉरंटी रद्द केल्याचे पत्र लेखी मागे घ्यावे. माहितीपुस्तिकेतील पाचरेचा आणि तेलाचा मजकूर दुरुस्त करावा, कारण पहिल्यांदाच असे हत्यार हाती घेणारा माणूस त्या पुस्तिकेवरच विसंबून राहतो.

या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे. ते न मिळाल्यास ओहायो राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी ही कागदपत्रे सादर करीन.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)

सोबत: खरेदीची पावती, आपल्या उत्तराची प्रत, मोजमापांचा तक्ता, आर्बर व नळीची छायाचित्रे