आमच्या राफ्टमध्ये न बसल्याबद्दल

आदरणीय दादांस,

सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय राफ्टिंग स्पर्धेला निघण्यापूर्वीच हे पत्र लिहावे, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले. निकालानंतर लिहिले असते, तर तुमच्या उपकारांना पदकाचे माप लागले असते. नाव कुठे छापू नये ही तुमचीच अट असल्याने ते लिहीत नाही. कोलाडच्या कुंडलिका नदीवर वावरणाऱ्यांना ते सांगण्याची गरजही नाही. पत्र जाहीर करण्याचे कारण एवढेच, की तुम्ही आम्हाला केलेली सर्वांत मोठी मदत बघणाऱ्याला मदत वाटलीच नसती. ती एका नकाराच्या रूपात होती, आणि त्या नकाराचे मोल कळायला आम्हालाही बराच काळ जावा लागला.

पर्यटकांच्या राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत, मागच्या टोकाला गाइड बसतो. तो ‘फॉरवर्ड’ म्हणाला की वल्ही पुढे, ‘बॅक’ म्हणाला की मागे, आणि ‘गेट डाउन’ म्हणाला की सगळ्यांनी राफ्टच्या तळाशी दबून बसायचे. सहलीसाठी ही पद्धत योग्यच आहे. शर्यतीत मात्र असा कोणी नसतो. सहा जणींच्या प्रकारात राफ्टमध्ये सहाच खेळाडू असतात आणि मागे बसून दिशा सांभाळणारीही त्याच सहांतली एक असते. प्रशिक्षकाने काठावरून कितीही घसा कोरडा केला, तरी रॅपिडच्या, म्हणजे खडकांतून वेगाने खळाळणाऱ्या पाण्याच्या, आवाजात त्यातले फारसे काही पोचत नाही. असे असूनही महिलांचा संघ म्हटला, की सरावापुरता तरी एखादा अनुभवी पुरुष मागे बसवावा, असे सुचवणारे आम्हाला जागोजागी भेटले. एका ठिकाणी तर राफ्ट मिळत होती ती याच अटीवर. त्यासाठी सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाई आणि ते खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण दिशा दुसऱ्याच्या हाती राहिली, की कोणत्या धारेत शिरायचे आणि कुठे बाहेर पडायचे हे ठरवण्याची सवयच लागत नाही. त्या काळात आमचे दंड तेवढे बळकट झाले.

तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्यातल्याच एकीने तुम्हाला मागे बसण्याची विनंती केली होती. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, कारण सांगितले नाही, आणि स्वतःची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, घेऊन आमच्या पुढे पाण्यात उतरलात. रॅपिड संपतो तिथल्या संथ पाण्यात तुम्ही थांबायचे, आणि वरून आम्ही कशाही आलो, सरळ आलो, आडव्या आलो किंवा राफ्टवाचून नुसत्याच आलो, तरी तिथे आम्हाला गोळा करायचे, एवढेच काम तुम्ही स्वतःकडे ठेवले. पुढे आमची आम्हाला सुटका करता येऊ लागली, तेव्हा तुम्ही कयाकही सोडली आणि काठावरच्या खडकावर बसू लागलात. या दोन टप्प्यांत किती महिने गेले ते मोजण्यात अर्थ नाही, परंतु तुम्ही ते घाईने उरकले नाहीत याची आम्हाला जाणीव आहे.

राफ्टमध्ये बसवण्याआधी तुम्ही आम्हाला पाण्याचा उगम शिकवला, याचे तेव्हा नवल वाटले होते. कुंडलिकेच्या ज्या पाण्यावर राफ्टिंग चालते ते बहुतांशी मुळशीच्या धरणातले आहे. एरवी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेले असते असे हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते, तिथून रवाळज्याला येते आणि कोलाड, रोहा करीत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. त्यामुळे आमच्या सरावाची वेळ घड्याळ ठरवीत नाही. वरची जनित्रे कधी चालतात यावर ती ठरते. पाणी सुटले, की नदी भराभर चढते, काही तास वाहते आणि पुन्हा उतरते. अशा नदीवर कोरड्या खडकावर निर्धास्त बसणे हीसुद्धा चूक ठरू शकते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावले होते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला आणि कितीतरी गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली, हेही तुम्हीच सांगितले. शर्यतीच्या प्रशिक्षणात हा विषय कोणी काढत नाही; तुम्ही काढलात, हे आम्हाला तुमच्या स्वभावाला धरूनच वाटले.

पाणी वाचायला शिकवण्याची तुमची रीत संथ होती. वल्हे हातात न देता तुम्ही आम्हाला एकेका रॅपिडच्या काठाने चालवलेत. वरून जिभेसारखी गुळगुळीत दिसणारी धार कुठे आहे, तिच्या टोकाशी लाटांची रांग सुरू होते की खडकामागे पाणी खाली कोसळून उलटे फिरते, खडकाआडची एडी, म्हणजे प्रवाहाच्या उलट वळणारे पाणी, किती रुंद आहे, तिची कड किती तीव्र आहे, हे प्रत्येकीने स्वतः सांगायचे आणि बाकीच्यांनी ते खोडून काढायचे. शेवटी सगळ्या जणी तुमच्याकडे पाहत असू, आणि तुम्ही एखादे वाळके लाकूड प्रवाहात टाकून ‘आता बघा’ म्हणत असा. त्या लाकडाने आमची अनेक ठाम मते वाहून नेली. कधी कधी तुमच्या या अबोलपणाचा रागही येई; उत्तर माहीत असलेल्या माणसाने ते तासभर न सांगणे हा शिकवण्याचा प्रकार सर्वांना मानवतोच असे नाही, आणि आमच्यातल्या दोघी आजही तुमच्याशी याबाबत सहमत नाहीत.

स्लॅलमच्या तयारीसाठी तुम्ही जे केले त्याची नोंद केल्यावाचून राहवत नाही. राफ्टिंगच्या स्पर्धेत चार शर्यती असतात आणि एकूण १००० गुणांपैकी वेगाच्या छोट्या शर्यतीला १००, दोन राफ्टच्या आमनेसामने शर्यतीला २००, स्लॅलमला ३०० आणि लांब पल्ल्याच्या डाउनरिव्हर शर्यतीला ४०० गुण असतात. नवखे संघ पहिल्या शर्यतीच्या वेगावर जीव टाकतात, कारण ती दिसायला झटपट आणि समजायला सोपी असते. तुम्ही मात्र आमचा बहुतेक वेळ स्लॅलममध्ये घालवलात. पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून राफ्ट न्यायची, हिरव्या जोड्या प्रवाहाबरोबर आणि लाल जोड्या प्रवाहाविरुद्ध चढून पार करायच्या, खांबाला नुसता स्पर्श झाला तर ५ सेकंदांचा आणि जोडी चुकली तर ५० सेकंदांचा दंड. आपल्याकडे अशी फाटके बाजारात विकत मिळत नाहीत. तुम्ही बांबू तोडून, लाल-हिरवे रंगवून, दोन्ही काठांच्या झाडांना तार बांधून ती लटकवलीत. पर्यटकांच्या राफ्ट येण्याआधी ती उतरवायची आणि पाणी असेपर्यंत वेळ उरला तर पुन्हा चढवायची, हा खटाटोप तुम्ही विनातक्रार केलात.

लाल फाटकात शिरताना एडीची कड ओलांडायच्या क्षणी पुढच्या दोघींनी वल्हे एडीच्या पाण्यात रोवायचे, मधल्या दोघींनी वेग राखायचा आणि मागच्या दोघींनी शेपूट फिरू द्यायचे, हे आता लिहायला सोपे आहे. एकीने अर्धा क्षण उशीर केला, तरी प्रवाह राफ्टचे तोंड धरून तिला खाली ओढतो. या वळणावर आमच्यात सर्वाधिक वाद झाले. पूर्वीचे दिवस असते, तर मागे बसलेल्या गाइडने ते एका शब्दात मिटवले असते आणि आम्ही मुकाट्याने वल्ही मारली असती. इथे वाद आम्हालाच मिटवावा लागला. कोणी हाक द्यायची, ती किती आधी द्यायची, मागच्या दोघींत अखेरचा शब्द कोणाचा, हे सारे भांडून ठरले. आज आमच्या हाकांमध्ये ‘फॉरवर्ड’ आहे, ‘ओढ’ आहे आणि एक असा शब्द आहे, जो इथे लिहिता येणार नाही, परंतु तो ऐकला की सहाही वल्ही एकाच वेळी पडतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत तुम्ही जराही सैल नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण तुमच्या नकाराला काही जणांनी बेफिकिरी म्हटले होते. उलटलेली राफ्ट आमची आम्ही सरळ करून पुन्हा वर चढल्याशिवाय तुम्ही रॅपिडमध्ये पाऊल टाकू दिले नाही. वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही, कारण खडकाच्या फटीत पाय अडकला तर गुडघाभर पाणीही माणसाला खाली दाबून धरते; पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटे वर; थ्रो बॅग, म्हणजे दोरी भरलेली पिशवी, फेकण्यापूर्वी बुडणाऱ्याला हाक मारून त्याची नजर आपल्याकडे वळवायची, हे सगळे तुम्ही कंटाळा येईपर्यंत करून घेतले. लाइफ जॅकेटांचा प्रश्नही तुम्हीच आधी ओळखलात. मिळत होती ती जॅकेटे मोठ्या मापाची होती. खांदे धरून वर ओढले, की आमच्यातल्या लहानखुऱ्या मुलींच्या कानांपर्यंत येत. बसतील अशी जॅकेटे जमेपर्यंत त्या दोघींना तुम्ही मोठ्या पाण्यात उतरू दिले नाही, आणि त्या रुसल्या तरी तुम्ही बधला नाहीत.

वहिनींचे आभार मानण्यासाठी खरे तर वेगळे पत्र हवे. नदीकाठी कपडे बदलायला आडोसा नसणे, पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत तासन्‌तास राहावे लागणे, अंधार पडण्यापूर्वी बस गाठण्याची धडपड, अशा गोष्टींपायी कितीतरी मुली हा खेळ सोडतात आणि नंतर त्यांना आवड नव्हती असे म्हटले जाते. वहिनींनी आम्हाला न विचारता आतली खोली मोकळी करून दिली, चुलीवर पाणी ठेवले आणि उशीर झालेल्या दिवशी तांदळाच्या भाकरी वाढून मुक्कामाला ठेवून घेतले. आमच्यातल्या एकीच्या आईवडिलांची समजूत काढायला त्या स्वतः गेल्या होत्या. तुम्ही गेला असतात तर ते ऐकले नसते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

पाणी सुटत नसे त्या दिवशी तुम्ही आम्हाला डोलवहाळ बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात पाठवत असा. डाउनरिव्हरच्या शर्यतीला लागणारा दम तिथेच तयार झाला, हे आता वेळा पाहिल्या की कळते. परदेशातल्या मोठ्या नद्यांची भीती वाटू लागली, तेव्हा तुम्ही जपानच्या योशिनो नदीवरील २०१७ च्या आणि ऑस्ट्रेलियाच्या टली नदीवरील २०१९ च्या जागतिक स्पर्धांची चित्रणे दाखवलीत, आणि टलीचे पाणीही कुंडलिकेसारखे वीजघरातूनच सुटते हे सांगितलेत. कुंडलिकेचे रॅपिड अवघडपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत, त्या नद्यांवर याहून मोठे पाणी असते, हे तुम्ही लपवले नाही; वाचायची रीत मात्र तीच, एवढेच म्हणालात.

तुमची जुनी राफ्ट आम्ही धुऊन, वाळवून, उजव्या नळीवरचे ठिगळ नव्याने चिकटवून पडवीत ठेवली आहे. दोन दिवस हवा भरून पाहिली, गळत नाही. बांबू वहिनींच्या सांगण्यावरून माळ्यावर टाकले आहेत. स्पर्धेच्या दिवसांत स्लॅलमच्या वेळा तुम्हाला रोज संध्याकाळी कळवू, परंतु डाउनरिव्हरची शर्यत होईपर्यंत कोणती धार घ्यावी असे विचारणारा फोन आमच्यापैकी कोणीही करणार नाही, असे ठरले आहे. एखादीने केलाच, तर तो उचलू नये, ही विनंती.

आपल्या नम्र,
संघातील सहा जणी आणि राखीव खेळाडू