अण्णा, खळ्यावरच्या वाऱ्यासाठी आभार

ति. अण्णांना सा. नमस्कार,

पत्र चारचौघांसमोर लिहितोय, नातवाकडून वाचून घ्या.

समुद्र तुम्ही पाहिलेला नाही. मीही नोकरीसाठी मुंबईला येईपर्यंत पाहिला नव्हता. बीडकडचा माणूस शिडाची बोट शिकतोय म्हटलं की इथं हसतात. हसू द्या. पाणी आपण टँकरनं बघितलेलं.

वाऱ्याच्या नेमकी समोर बोट जातच नाही. साधारण 45 अंश तिरपी डावीकडे, मग तितकीच उजवीकडे, घाटातल्या रस्त्यासारखी चढवत न्यावी लागते. मी सुकाणू धरून डोलकाठीच्या टोकावरचा बाण बघत बसायचो. तेवढ्यात बोट वाऱ्यात तोंड घालून उभी राहायची नि शीड फडफडायचं.

तिसऱ्या रविवारी खळं आठवलं. शाळूची रास, तुम्ही उपणायला वावडीवर, म्हणजे त्या उंच तिवईवर, मी खालून पाट्या भरून देतोय. वारं फिरलं की तुम्ही डोळे मिटून मान हळूहळू वळवायचात. “दोन्ही कान सारखे वाजले की वारं नाकासमोर आलं, लेकरा.” मग वावडी सरकवून आडवं उभं राहायचात. बोटीवर तेच केलं. बाणाकडे बघणं सुटलं आणि बोट अडकायची थांबली.

एक फरक मात्र आहे. खळं जागेवर असतं, बोट चालते. मोटरसायकलवर वारा नसतानाही तोंडावर येतो ना, तसा बोटीच्या चालीचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो. म्हणून तो खऱ्यापेक्षा जरा समोरून लागतो. शीडही त्याच मिसळलेल्या वाऱ्यावर चालतं, त्यामुळं कान फसवत नाहीत. जोराचा झोत आला की हा मिसळलेला वारा किंचित मागं सरकतो. तेवढ्यात बोट वाऱ्याकडे थोडी आणखी चढवून घ्यायची.

शिडाच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही अंगांना लोकरीचे धागे असतात. दोन्ही सरळ मागं वाहिले की बरोबर. वाऱ्याकडचा नाचला तर बोट वाऱ्यात जास्त घुसली, पलीकडचा नाचला तर जास्त बाहेर पडली. भूस कुठं पडतंय ते बघून तुम्ही पाटी वरखाली करायचात, तसंच हे.

मळणीयंत्र आलं नि खळं गेलं. वावडी माळवदावर पडली असेल, सरपणाला देऊ नका. दिवाळीला येतोय, एकदा तिच्यावर उभं राहायचंय.

तुमचा,
बांधापलीकडचा