दोन फुटी रेल्वे आणि लवकर आलेला बर्फ

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पगार नाही, काही नाही, मग थंडीत कुडकुडत जातेस कशाला?" तेव्हा ऑफिसात होते, नीट बोलता आलं नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आल्ना गावातली ही रेल्वे, जिथे मी शनिवारी बिनपगारी कामाला जाते, आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच दोन फुटी, म्हणजे दोन रुळांमध्ये दोनच फुटांचं अंतर. १९३३ साली बंद पडली, रूळसुद्धा भंगारात गेले. १९८९ पासून हौशी लोकांनी स्लीपर टाकत टाकत ती पुन्हा उभी केली. नऊ नंबरचं इंजिन १८९१ चं, म्हणजे माथेरानची लाइन सुरू व्हायच्याही सोळा वर्षं आधीचं!

यंदा थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या, आधीच बर्फ पडला आणि नाताळच्या गाड्या तोंडावर. माझ्याकडे काम कोणतं आलं असेल? सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायच्या जागा, साफ करायचं! बाबा, तुमची उभी हयात कल्याण यार्डात सांध्यांवर गेली, तुम्हाला वेगळं काय सांगू. वरचा भुसभुशीत बर्फ झाडूने निघतो. पण मुख्य रूळ आणि टंग रेलच्या (सांध्यातला सरकणारा निमुळता रूळ) मध्ये दाबला गेलेला बर्फ दगड होऊन बसतो, तो पहारीच्या टोकाने उकरावा लागतो. सुपारीएवढा खडा राहिला तरी सांधा पुरता बसत नाही. फाटकावर तर रस्ता साफ करणारी गाडी सगळा चिखल आपल्याच रुळांवर लोटून जाते. आणि संध्याकाळी इंजिनाच्या पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर रात्रीत गोठून पाइप फुटलाच म्हणून समजा.

डब्यांत पाइनच्या फांद्या, लाल फिती लावून झाल्या. सांता होणारे आजोबा एरवी इंजिनात कोळसा टाकतात, त्यामुळे दाढी पांढरी ठेवायची जबाबदारी त्यांच्या बायकोवर.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ऑफिसात अजूनही दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "मूळची कुठली?" इथे म्हणतात, "पहार घेऊन ये." शनिवारी घरात एकटी बसून मी दुसरं काय केलं असतं?

आई, काळजी नको. आतून लोकरीचे कपडे असतात, वर तू विणलेली कानटोपी. एक काम कर. पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी पातळ पोह्यांचा चिवडा न्यायचाय. तीसेक माणसांचं प्रमाण व्हॉट्सॲपवर पाठव, मिरच्या निम्म्याच धरून. बाबांचा गुडघा कसा आहे तेही कळव, ते स्वतः सांगणार नाहीत.

तुमची,
मीनू