क्वेकर सभागृहाच्या आवारात खणताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये स्थानिकांना सोबत घेऊन उन्हाळ्यात छोटी उत्खननं होतात. तिथल्या मराठी मंडळींपैकी कोणी क्वेकर, म्हणजे साधेपणा पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, सभागृहाच्या आवारात खणायला जाणार असेल, तर आधीच धरून चालावं की हाती फारसं लागणार नाही. वेदी नाही, रंगीत काचा नाहीत. साधी बाकं आणि शांतता. बकिंगहॅमशायरमधलं 1688 चं जॉर्डन्स सभागृह बाहेरून शेतकऱ्याचं घरच वाटतं.

खरी अडचण आवारातल्या हिरवळीची. 1717 मध्ये क्वेकरांच्या वार्षिक सभेने थडग्यांवरचे दगड काढायला सांगितलं. लहान, एकसारख्या दगडांना परवानगी मिळाली ती 1850 मध्ये. म्हणून दगड दिसत नाही याचा अर्थ खाली दफन नाही, असा नव्हे. थडगी पूर्व-पश्चिमच असतील हेही गृहीत धरू नये. जुनी दफननोंद आणि नकाशे पाहूनच खड्ड्यांच्या जागा ठरवाव्यात. तरीही हाड दिसलंच तर तिथेच थांबायचं, माती पुन्हा पसरायची आणि प्रमुखाला बोलवायचं. 1857 च्या दफन कायद्यानुसार न्याय मंत्रालयाचा परवाना असल्याशिवाय अवशेष हलवता येत नाहीत.

जुन्या वह्या वाचताना आणखी एक चकवा. क्वेकर वारांची-महिन्यांची दैवतांवरून आलेली नावं टाळत, आकडे लिहीत. आणि 1752 पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च. ‘अकरावा महिना 1687’ हा नोव्हेंबर नसून आपल्या हिशेबाने जानेवारी 1688. हे चुकलं की बांधकामाचा क्रमच उलटा लागतो.

खड्डा 1 मीटर × 1 मीटर. हिरवळीचे तुकडे कापून गवताला गवत लावून रचावेत, माती ताडपत्रीवर. दर 10 सेंटिमीटरला नवा थर धरून माती 10 मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी. ओली चिकणमाती चाळणीत बुजते. ती हातानेच कुस्करावी, दाबून घासू नये, कारण पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्या त्यातच मोडतात. पिशवीवर आणि आतल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे, खड्ड्याचा व थराचा क्रमांक हवा. सर्वांत जास्त नुकसान होतं ते दुपारी घाईत दोन थर एका पिशवीत गेल्याने. त्या वस्तूंचा कालक्रम मग कोणालाच सांगता येत नाही. खापरं दातांच्या ब्रशने धुवावीत, लोखंड मात्र धुवू नये. धुतलेली खापरं ओलीच पिशवीत भरली तर बुरशी धरते.

खड्डा रिकामा निघाला तरी नोंद पूर्ण करावी: माणसाचा हात न लागलेली मूळ जमीन किती खोलीवर लागली, खड्ड्याच्या एका बाजूच्या उभ्या छेदाचं रेखाटन 1:10 प्रमाणात, मोजपट्टीसह छायाचित्र. उत्साही मंडळी नेमकं इथेच कंटाळतात. शेवटी माती थोडी थोडी टाकून दाबावी आणि गवत बसवून पाणी घालावं, नाहीतर महिन्याभरात तिथे खळगा पडतो.

आपला,
एक वाचक