मर्सिन १०

मिरज, रविवार

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. तब्येत बरी. साखर आहे तिथेच, हिचा गुडघाही.

परवा ओंकारला फराळाचा डबा पाठवायला पत्ता मागितला. पठ्ठ्याने लिहिलं : लेफकोशा (म्हणजे निकोसिया), मर्सिन १०, तुर्कस्तान. म्हटलं, अरे, तू सायप्रसला गेलास ना? तर म्हणे, बाबा, इथलं टपाल असंच येतं. उत्तर सायप्रसला देश मानतो एकटा तुर्कस्तान, म्हणून पत्रं मर्सिन या तुर्की बंदराच्या नावाने. पेन हातातच राहिलं. तुझं ते ‘किब्रिस’ (तुर्कीत सायप्रस) छापलेलं टपाल तिकीट आठवलं. नववीत ‘हा देशच नाही, काढ’ म्हणून मी ते वहीतून ओढलं, कोपरा फाटला आणि तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. तुझं म्हणणं, तिकीट आहे म्हणजे देश आहे. माझं, अ‍ॅटलासमध्ये दाखव. पोरगं नेमकं तुझ्या तिकिटात जाऊन राहिलंय!

एजंट ‘युरोप’ म्हणाला, मी कॉलनीत पेढे वाटले. तसं खोटंही नाही. सगळं बेट २००४ पासून युरोपीय संघात, फक्त उत्तरेत संघाचे कायदे स्थगित. हा ‘फक्त’ एजंटाने गिळला. खर्च तुर्की लिरात, फी युरोत. विमान तुर्कस्तानमार्गेच एर्जानला उतरतं आणि दक्षिणेचं, म्हणजे जगाने मानलेलं ग्रीकांचं सरकार त्या विमानतळालाच बेकायदा मानतं. लेफकोशा शहराच्या मधोमध कुंपण, अलीकडे उत्तर, पलीकडे दक्षिण. लेद्रा रस्त्यावरची चौकी २००८ पासून उघडी, लोक पलीकडे कॉफी प्यायला जातात. हा एर्जानवरून आलेला, याला सोडत नाहीत. आणि आपलं हायकमिशन पलीकडे! पासपोर्ट हरवला तर? रात्री दोनला मी हेच घोकत बसतो. ही म्हणते, हरवेल कशाला, तो तुमच्यासारखा नाही.

तो मात्र खुशीत. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, प्लग तीन पिनांचे. १९६० पर्यंत इंग्रजच होते ना. गच्चीवरून पाच बोटांचा डोंगर दिसतो, त्याच्या उतारावर रंगवलेला उत्तर सायप्रसचा झेंडा दक्षिणेतूनही दिसतो, रात्री दिव्यांनी उजळतो. पलीकडे गिर्ने आणि समुद्र. ईशान्येच्या कर्पाझच्या शेपटात मोकाट गाढवं मोटारी अडवतात. तुझीच आठवण आली.

घरमालकीण मूळची दक्षिणेतल्या पाफोसची. १९७४ साली ग्रीक लष्करशहांनी बंड घडवलं, पाच दिवसांत तुर्की फौज उतरली, माणसं इकडची तिकडे झाली, तुर्की उत्तरेला, ग्रीक दक्षिणेला. ही आली ती कुणा ग्रीकाच्या घरात. अंगणातली लिंबं पोरांना फुकट देते, विकत नाही. म्हणते, झाड त्याचं आहे. फोनवर हे ऐकलं आणि पुढे काही विचारायचं राहूनच गेलं.

मधला पट्टा संयुक्त राष्ट्रांचे सैनिक राखतात. आपले जनरल थिमय्या तिथे त्या सैनिकांचे सेनापती असतानाच १९६५ साली वारले, हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी जांभई दिली होती.

नीताचं ठरल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं, त्यावर भेटीत भांडू. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं? आणि ती वही शोध, त्या तिकिटाचा फोटो ओंकारला दाखवायचाय.

डबा अजून इस्तंबूललाच दिसतोय. चकल्या मऊ पडणार.

तुझा,
दिग्या