शिडी मामांना देऊन टाकलीय

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन आईकडं देतात, म्हणून लिहितेय. आपल्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानाचा गाळा मी भाड्यानं द्यायचा ठरवलाय. विसारही घेतलाय. आई, बाबांना हे चहा झाल्यावर वाचून दाखव.

खाली औषधांचं दुकान येईल. एक पार्सलवाली कंपनी भाडं जास्त देत होती. पण ऑनलाइनचे खोके आपल्याच शटरमधून बाहेर पडताना बाबांनी गॅलरीतून बघायचे, हे मला जमलं नसतं. नाही म्हटलं.

बाबा, तुम्ही म्हणाल, सप्टेंबरात मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी 28 चा 18 झालाय, आता गिऱ्हाईक फिरेल. पण तो ऑनलाइनवाल्यांनाही 18 च झाला ना! दसऱ्याला मी दिवसभर काउंटरला होते. नऊजण आले. त्यातल्या सहाजणांनी इन्व्हर्टर एसी म्हणजे काय ते तुमच्याकडून पाऊण तास समजून घेतलं, मॉडेल नंबरचा फोटो काढला आणि "घरात विचारून येतो" म्हणून गेले. सेलमधली किंमत आपल्या खरेदीच्या बिलापेक्षा कमी असेल, तर तुम्ही सोडणार तरी किती? धंदा करण्यात तुम्ही कुठंच कमी पडला नाहीत. 1982 च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि दोन वर्षांत शाहूपुरीत तुमचा बोर्ड लागला. हप्ते तुम्ही माणसाच्या तोंडाकडं बघून दिलेत. 2019 ला पाणी काउंटरवर चढलं, तरी गणपतीत शटर उघडलंत.

यंदा मात्र राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय एवढं ऐकून, 74 व्या वर्षी, एकटेच शिडी चढून खोके माळ्यावर टाकत होता. पाय घसरला. आईनं मला पंधरा दिवस सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी त्या दिवशीच ठरवलं. बाकीची कारणं नंतर जमवली.

फ्रिजच्या खोक्यातलं माझं घर आठवतं? तुम्ही ब्लेडनं खिडकी कापून दिली होती आणि गिऱ्हाईक आलं की मी आतून किंमत ओरडायची. 1996 ला दहावीचा पेपर तोंडावर असताना तुम्हीच हाक मारलीत, "ये खाली, भारत-पाकिस्तान आहे!" टीव्ही रस्त्याकडं फिरवलेला, जडेजा वकारला बडवतोय, रिक्षा जागच्या जागी थांबलेल्या. आई वरून शिव्या घालत होती, तेही आठवतंय.

आणखी एक. 2014 च्या दिवाळीत "फ्रिज पाठवू का?" विचारलंत, तेव्हा मी "घरमालकाचा आहे" म्हटलं. तो मी सेलमध्ये मागवला होता. तुम्ही पुण्याला आलात, दार उघडलंत, रबरावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "रबर चांगलं आहे." तुम्हाला कळलं होतं ना?

तुमची खुर्ची, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर सगळं वरच्या पुढच्या खोलीत लावायचं. टेबलाचं माप घेतलंय, खिडकीपाशी बसेल. गल्लीतले मिक्सर आणि इस्त्र्या तिथंच येतील. भाड्यात दोघांच्या गोळ्या, लाइट बिल, गॅस भागून वर उरतं. गोळ्या तर जिना उतरलं की! दुकानातल्या मामांच्या कामासाठी औषधवाल्याकडं शब्द टाकलाय, ते उघड्यावर पडणार नाहीत.

आता ऐका. नवा माल उचलायचा नाही, डिस्ट्रिब्युटर कसलीही स्कीम सांगू दे. उधारीची वही आईकडं. जीएसटी नंबर रद्द झाला की तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरायचं असतं, सीएंशी मी बोललोय. (बघा, पुण्यात मी "बोलले" म्हणते, तुम्हाला लिहिताना हात आपोआप कोल्हापुरी होतो.) शिडी मामांना घरी न्यायला सांगितलीय, परत मागायची नाही.

लक्ष्मीपूजन दुकानातच करू, दरवर्षीसारखं, बोर्डावरचे दिवे लावून. तुळशीची लग्नं उरकल्यावर किल्ली द्यायची. तोवर दुकान तुमचंच... नंतरही तुमचंच, भाडेकरू आपले आहेत.

धनत्रयोदशीला पोचते. माझा मिक्सर खडखडतोय, तो घेऊन येते. बाबा, कार्बन ब्रश आणून ठेवा.

तुमची,
राणी