प्रॉस्पेक्टसमध्ये ती एक ओळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बर्डीवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधी नेट कॅफे होतं, मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि सातचे दोन कॉम्प्युटर राहिले, आता जे पोट्टे-पोट्टी येतात ते फॉर्म भरायलाच येतात. पोलीस भरती, नीट, सीईटी, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड, काय म्हणाल ते. मी सायकॉलॉजीचा माणूस नाही, बी.कॉम. आहे, तेही दोन अटेम्प्टमध्ये. पण क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म मी आठ-नऊ वर्षांपासून भरून राहिलो आणि दर उन्हाळ्यात तेच ते रडगाणं ऐकतो, म्हणून हे पत्र.

काटोलकडची एक पोरगी आली होती, वडिलांचा संत्र्याचा बगीचा, मृग बहाराचे पैसे हातात आले तेव्हा ती फॉर्म भरायला आली. एम.ए. सायकॉलॉजी झालेली. चार ठिकाणचे फॉर्म भरायचे होते. पहिल्याच फॉर्मला अडकलो, कारण तिथे टक्के मागत होते आणि तिच्या मार्कशीटवर सीजीपीए. टक्के काढले तर ५४.६. ओपनला ५५ पाहिजे. एस.सी., एस.टी., ओ.बी.सी.ला ५० चालतात, ती ओ.बी.सी. होती, म्हटलं चला जमलं, तर तिच्याकडचं नॉन क्रिमिलेअर राज्याच्या नमुन्यातलं आणि संस्था केंद्राची. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं हे तिला माहीतच नव्हतं, सेतूवर जाऊन ते हाती येईपर्यंत दोन फॉर्मच्या तारखा गेल्या. बाहेरच्या बाकावर बसून मला म्हणे, काका, मी पाच वर्षं सायकॉलॉजी शिकली, तीन बी.ए.ची, दोन एम.ए.ची, आणि एम.ए. झाल्यावर पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणता येत नाही हे मला एम.ए.च्या शेवटच्या सेमिस्टरला कळलं, तेही इन्स्टाग्रामवर.

आता हे वाक्य मी या एकाच पोरीकडून ऐकलं असतं तर म्हटलं असतं जाऊ दे, हिचंच लक्ष नसेल. पण दर वर्षी दहा-बारा जणं हेच म्हणतात. हुशार असतात हो, पेपर चांगले गेलेले असतात. त्यांना कोणी सांगतच नाही.

वाचकांपैकी ज्यांची पोरं बारावीत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण मलाही हे फॉर्म भरता भरताच कळलं. सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे एम.डी. केलेला डॉक्टर, तो औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहित नाही, तो टेस्ट घेतो, निदानाला मदत करतो, थेरपी देतो. आणि हा शब्द आपल्या मर्जीनं नावापुढे लावायचा नसतो. १९९२ चा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा कायदा आहे, त्या कौन्सिलला पोरं आर.सी.आय. म्हणतात, त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते लिहून ठेवलंय. रजिस्टरमध्ये नाव यायचं तर इतकी वर्षं ठरलेला रस्ता असा होता की एम.ए. नंतर आर.सी.आय. मान्य संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल., फुल टाइम, हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत बघत. नुसत्या एम.ए.वर काउन्सेलिंगच्या नोकऱ्या मिळतात, शाळेत मिळतात, एनजीओत मिळतात, वाईट काही नाही त्यात, पण ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

आणि या एम.फिल.च्या सीटा किती? एकेका संस्थेत मोजक्याच. त्याचंही कारण आहे, शिकवणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट जवळ बसून केस बघणार, त्यामुळे जेवढे शिकवणारे तेवढ्याच सीटा, वर्गात शंभर पोरं कोंबून हे शिकवता येत नाही. मला पटतं ते. पण मग फॉर्म भरणं म्हणजे लॉटरीच की. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीला कांके इथं सी.आय.पी. आणि रिनपास, दिल्लीचं इहबास, आसामात तेजपूर, या सगळ्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्था. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, तारीख वेगळी, फी वेगळी, फोटोचे केबी पण वेगळे, एकाला २० ते ५० केबी, दुसऱ्याला शंभरच्या खाली. एका संस्थेला तर ऑनलाइन भरूनही डीडी लागला आणि सगळी प्रिंट स्पीड पोस्टानं पाठवावी लागली, मग ऑनलाइन कशाला म्हणता बापा. परीक्षा द्यायला रांचीला जायचं तर हटियाची गाडी, बंगळुरूला संघमित्रा, उन्हाळ्याचं रिझर्वेशन मिळत नाही, आणि पोरगी एकटी जाणार नाही म्हणून सोबत वडील, म्हणजे तिकिटं दोन, लॉज वेगळा. चार फॉर्म आणि दोन परीक्षा म्हणता म्हणता एका घराचे किती हजार जातात ते माझ्या दुकानात बसून बघा. प्रायव्हेटमध्ये सीट मिळाली तर फीचा आकडा लाखांतला, तिथं काटोलवाले परत फिरतात.

वरून नियम मधेच बदलतात. २०२३ च्या डिसेंबरात यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पत्रक काढलं की एम.फिल. ही आता मान्य डिग्री नाही, विद्यापीठांनी अ‍ॅडमिशन बंद करावेत. त्या आठवड्यात माझ्या दुकानात पाच-सहा पोट्टी धावत आली, भाऊ हे खरं आहे का, प्रिंट काढून द्या. मी प्रिंट काढून दिली, दुसरं काय करणार. मग जानेवारीत दुसरं पत्रक, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सूट. त्याचीही प्रिंट काढली. आता आर.सी.आय.नं नवे कोर्स आणलेत, बी.एस्सी.पासूनच क्लिनिकल, मग क्लिनिकलचंच एम.ए., मग साय.डी. नावाची डॉक्टरेट. हे चांगलं आहे, बारावीच्या पोरासाठी रस्ता सरळ झाला. पण जी पोरं जुनं साधं एम.ए. करून बसलीत त्यांचं काय, हे कॉलेजच्या नोटीस बोर्डवर साध्या मराठीत कोणी लावलेलं मी अजून पाहिलं नाही. आणि डिस्टन्सवाल्यांचं तर आणखीनच, नोकरी करता करता इग्नूतून सायकॉलॉजीत एम.ए. करणारे माझ्याकडे खूप यायचे, बँकेतल्या मॅडम, शाळेतले सर, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवणंच बंद केलं. पेशंटशी संबंध येणारा विषय घरबसल्या शिकवू नये हे कारण मला मान्य आहे, पण हेही लोकांना दुकानात फॉर्म उघडल्यावर कळलं.

एसओपीची पण एक गंमत सांगतो. म्हणजे तुम्हाला हा कोर्स का करायचाय ते पानभर लिहायचं. टायपिंग माझ्याकडेच होतं त्यामुळे सगळ्या वाचल्यात. दहातल्या आठ जणांनी लहानपणापासून मैत्रिणींचं ऐकून घेतलेलं असतं आणि सगळ्या मैत्रिणी त्यांनाच येऊन मन मोकळं करतात. आजकाल तर मोबाइलवरून लिहून घेतात त्यामुळे वाक्यं पण सेम टू सेम. एकीनं मात्र लिहिलं होतं की माझा भाऊ सहावीत असून त्याला वाचता येत नव्हतं, सगळे त्याला ढ म्हणायचे, टेस्ट केल्यावर कळलं त्याला काय आहे, आणि त्या टेस्टसाठी आम्हाला किती महिने थांबावं लागलं. तिला इंटरव्ह्यूत तेवढंच विचारलं म्हणे. अमेरिकेचे फॉर्म पण दोन-चार भरले, तिथं प्रोफेसर कशावर रिसर्च करतो ते वाचून त्याला आधी मेल टाकावा लागतो, पीएच.डी.ला सीटा कमी पण बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड, साय.डी.ला मात्र बहुतेक पैसे आपलेच. आणि तीन शिफारसपत्रं. आपल्याकडे सर म्हणतात तूच लिहून आण मी सही करतो, मग ती शिफारसपत्रं पण मीच टाइप करतो, एका पोट्ट्याच्या तिन्ही सरांनी त्याला 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' म्हटलं होतं, एकाच फॉन्टमध्ये.

हे सगळं मी का बोलतो, तर माझ्याच टेबलावर दुसरी बाजू पण येते. मी यूडीआयडीचे फॉर्म भरतो, दिव्यांग प्रमाणपत्राचे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या पोराचं आय.क्यू. टेस्टशिवाय पुढे सरकत नाही, आणि टेस्ट घेणारा माणूस नाही म्हणून तारीख पुढची. उमरेडहून एक बाई पोराला घेऊन तीनदा आली होती. बस, रिक्षा, तारीख, परत. आपल्या नागपुरात राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं आहेत, मिहानला एम्स आहे, तरी ही रांग. निम्हान्सनं २०१५-१६ ला देशाचा सर्व्हे केला, शंभरातल्या १० च्या वर प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. महाराष्ट्र त्यात घेतलाच नव्हता, शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. आपले लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत.

आणि तिसरी बाजू, व्हिजिटिंग कार्ड. मी कार्ड पण छापतो. तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून लोक येतात आणि म्हणतात नावाखाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टाका. पूर्वी टाकायचो, मला काय माहीत. आता आर.सी.आय.चा नंबर मागतो. नाही म्हणाले तर काउन्सेलर टाकू का विचारतो. दोघं-तिघं चिडून गेले. नाव रजिस्टरमध्ये नसताना प्रॅक्टिस केली तर त्या १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मी त्यांना सांगतो, हजार रुपये ऐकून ते हसतात. हजारात तर माझ्याकडची कार्डं पण जास्त येत नाहीत.

तर माझं म्हणणं मोठं नाही. कॉमन परीक्षा घ्या, नागपूरला सेंटर द्या, हे मोठ्या लोकांनी बघावं, ते होईल तेव्हा होईल. पण बी.ए.ला सायकॉलॉजी देणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं प्रॉस्पेक्टसमध्ये त्या विषयाखाली एक ओळ छापावी, मराठीत, ठळक, की या पदवीनं किंवा नुसत्या एम.ए. सायकॉलॉजीनं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्यासाठी आर.सी.आय. मान्य कोर्स लागतो, आणि त्याला किमान टक्के इतके इतके. अ‍ॅडमिशनच्या दिवशी ते वाचलं तर पोरगी पहिल्या वर्षापासून टक्के सांभाळेल, जातीचे कागद वेळेत काढेल, नाहीतर दुसरं काहीतरी निवडेल, पण डोळे उघडे ठेवून निवडेल.

यंदाची प्रॉस्पेक्टस छापून झाली असतील तर हरकत नाही. तेवढ्या ओळीचा स्टिकर मी छापून देतो. नागपुरातल्या कोणत्याही कॉलेजला पहिले पाचशे फुकट, कागद माझा. रविवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी दहा ते नऊ.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक
सीताबर्डी, नागपूर